मोठ्या ट्यूबाचा मोह

बुधवार

ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या परिषदेला जाताना सगळ्यांत हलकं सामान ट्यूबावाल्याचं असतं. ट्रम्पेटवाले दोन-तीन ट्रम्पेटं खांद्याला अडकवून येतात, हॉर्नवाल्यांना आपली पेटी क्षणभर नजरेआड करवत नाही, आणि ट्यूबावाला खिशात माउथपीस टाकून हात हलवत येतो. दहा-बारा किलोचं, ब्रासमधलं सर्वांत मोठं आणि खर्जाचं वाद्य, जवळजवळ तेवढ्याच वजनाची पेटी, विमान कंपनीशी हुज्जत आणि पोचल्यावर बेलला, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाला, पडलेला पोचा, हे सगळं सोसायचं कशासाठी? जिथे जायचंय तिथे ट्यूबांना तोटा नसतो.

माउथपीस मात्र दोन घेतले होते. ट्यूबाच्या माउथपीसची शँक, म्हणजे नळीत जाणारं टोक, मुख्यतः दोन मापांत येते: बारीक अमेरिकन आणि जाड युरोपीय. बारीक शँक रुंद नळीत घातली तर ती नको तितकी आत जाते किंवा डुगडुगते, जाड शँक अरुंद नळीत अर्ध्यातच अडते. दोन्हीकडे सूर बिघडतो आणि खापर फुटतं बिचाऱ्या ट्यूबावर. म्हणून कप तोच, कडा तीच, शँक तेवढी वेगळी अशी जोडी. वाद्यं पारखताना ओठांना लागणारी वस्तू बदलता कामा नये, नाहीतर कशामुळे काय बदललं हे कळायला मार्गच उरत नाही.

सुरक्षा तपासणीच्या यंत्राने हे दोन जड गोळे बरोब्बर हेरले. तपासणाऱ्या बाईंनी एक उचलून त्याच्या भोकातून आरपार पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"वाद्याचा तोंडाकडचा भाग आहे, मॅडम."

"आणि वाद्य?"

"ते नाही आणलं."

त्यांनी काही न बोलता ट्रे पुढे ढकलला.

सोबत आमच्या हौशी ऑर्केस्ट्रातला ट्रॉम्बोनवाला मित्र होता. तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतो, त्यामुळे माझा आवाज जवळून सोसायची त्याला सवय आहे. या वेळी त्याला लांबून ऐकायचं काम दिलं होतं. मी वाजवतो तो बी फ्लॅट ट्यूबा ऑर्केस्ट्राच्या मालकीचा. आता स्वतःचा सी ट्यूबा घ्यायचा असं ठरवून निघालो होतो. बी फ्लॅट, सी ही नावं ट्यूबाच्या मोकळ्या नळीच्या मूळ स्वराची. कुठला, हे तिथे जाऊन बघायचं.

गुरुवार

प्रदर्शनाच्या दालनात शिरलं की आवाज आधी छातीला जाणवतो, मग कानाला. लांबच लांब टेबलं, त्यांच्या पुढे बेलवर उभे केलेले ट्यूबा, काही पिवळेधमक लॅकरचे, काही चांदीच्या मुलाम्याचे, आणि प्रत्येक खुर्चीत कोणीतरी गाल फुगवून बसलेलं. खरं तर गाल फुगवू नयेत असं शिकवतात, पण प्रदर्शनात शिकवणी कोण आठवतो!

गंमत म्हणजे सगळे तेच वाजवत असतात. ऑर्केस्ट्राच्या चाचणीत विचारले जाणारे तुकडे ठरलेले आहेत: वाग्नरच्या 'मायस्टरझिंगर'च्या पूर्वरंगातला लांबलचक भाग, 'व्हाल्कीरीं'ची दौड, प्रोकोफिएफची पाचवी सिंफनी. ट्यूबा हातात आला की बोटं आपोआप तिकडेच वळतात. डावीकडे वाग्नर, उजवीकडेही वाग्नर, आणि दोघांच्या वेगात नेमका इतका फरक की मधल्याची लय सुटावी. शेजारच्याने आपल्यापेक्षा जोरात वाजवलं की आपलाही जोर वाढतो. वाद्य पारखायचं राहतं बाजूला आणि जुगलबंदी रंगते. असल्या गदारोळात जो ट्यूबा वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या कानाशी मोठा वाटतो तोच भाव खाऊन जातो, हे पहिल्या तासाभरातच लक्षात आलं.

मी चाचणीचे तुकडे वाजवायचेच नाहीत असं ठरवलं होतं. मधल्या सप्तकातला एक लांब स्वर, अगदी हळू. मग खाली, खर्जात, तितकाच हळू. ढोसून फुंकल्यावर कुठलाही ट्यूबा बोलतो. हळू फुंकल्यावर जो चटकन बोलतो तो कामाचा.

हा दिवस वरवर फिरण्यात गेला, पण ट्यूबांचं गोत्र एका जागी बघायला मिळालं. सर्वांत लहान एफ, साधारण ३.७ मीटर नळीचा. मग ई फ्लॅट ४ मीटर, सी ४.९ आणि बी फ्लॅट ५.५ मीटर. मूळपुरुष त्यातला एफ. प्रशियाच्या लष्करी बँडचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि बर्लिनचा वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी ज्या 'बास ट्यूबा'चं पेटंट घेतलं तो एफमध्येच होता, पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे दाबल्यावर जादा नळी जोडणाऱ्या पाच झडपांचा. त्याआधी खर्जाची बाजू सांभाळायला सर्पेंट आणि ऑफिक्लाइड ही जुनी फुंकवाद्यं होती. बर्लिओझने १८३० च्या आपल्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये तीच वाद्यं घातली होती, आज त्या जागी ट्यूबा वाजतात. एका कोपऱ्यात एक सर्पेंट ठेवला होता. लाकडी, चामडं गुंडाळलेला, नागमोडी. वाजवून पाहिला. सूर शोधायला दोन्ही ओठ आणि सगळी पुण्याई पणाला लावावी लागते. वीप्रेख्टचे उपकार मानले आणि पुढे सरकलो.

आज कोणता ट्यूबा कुठे वाजतो हे परंपरेवर आहे. अमेरिकन ऑर्केस्ट्रांत सी, जर्मन ऑर्केस्ट्रांत बी फ्लॅट आणि जोडीला एफ, ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ई फ्लॅट आणि बी फ्लॅट. व्हॉल्व्हचेही दोन पंथ. पिस्टन खाली-वर होतो, रोटरी जागच्या जागी पाव फेरा घेतो. रोटरीला बोटाने थोडंसंच दाबावं लागतं. पिस्टन जास्त दाबावा लागतो, पण तेल घालणं-पुसणं घरच्या घरी होतं. रोटरीवाल्यांना आणखी एक व्यायाम असतो. नळ्यांत साचलेलं पाणी काढायला काही ट्यूबा अख्खे गोल फिरवावे लागतात. दालनात मधूनच एखादा माणूस ट्यूबाला कवेत घेऊन त्याला उलटासुलटा करताना दिसतो तो यासाठी.

आकाराचे आकडे मात्र कोणी फार मनावर घेऊ नयेत. ३/४, ४/४, ५/४, ६/४ असं लिहिलेलं असतं, पण ही काही प्रमाणित मापं नाहीत. नळीची लांबी सगळ्या सी ट्यूबांची सारखीच, फरक नळी किती झपाट्याने रुंदावते आणि बेल केवढी याचा. एका कारखान्याचा ५/४ दुसऱ्याच्या ४/४ शेजारी ठेवला तर कोण मोठा ते सांगता येऊ नये, असंही पाहिलं.

शुक्रवार

सकाळी दालन उघडायच्या वेळीच दारात उभे होतो, कारण मला ६/४ शांततेत वाजवायचा होता.

बसलो, ट्यूबा मांडीवर घेतला आणि समोरचं सगळं दिसेनासं झालं. बेल डोक्याच्या वर, माउथपीस तोंडाशी यायला मान थोडी ताणावी लागली. फुंकलं. पहिलाच खर्जाचा सी असा आला की खुर्चीच्या पायांपासून कंप जाणवला. हसू आवरेना. पलीकडच्या टेबलावरचा अनोळखी माणूसही माझ्याकडे बघून हसला. त्याने हा चेहरा सकाळपासून बऱ्याच जणांचा पाहिला असणार.

या मोहाचा इतिहास आहे. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने १९३० च्या दशकात प्रचंड आकाराचे दोन सी ट्यूबा बनवले. त्यातला एक फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या फिलिप डोनाटेली यांच्याकडे होता. त्यांना तो अंगाला नीट बसेना, म्हणून त्यांनी तो आपल्या एका विद्यार्थ्याला विकला. तो विद्यार्थी म्हणजे आर्नल्ड जेकब्ज, पुढे १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीचे ट्यूबावादक. शिकागोच्या ब्रासचा दबदबा जगभर झाला आणि त्या आवाजाच्या तळाशी हा यॉर्क होता. यॉर्क कंपनी राहिली नाही, पण तिचे ते दोन ट्यूबा शिकागो सिंफनीकडे गेले आणि नंतर कारखान्यांनी त्यांची मापं घेऊन नवे ट्यूबा काढले. स्वित्झर्लंडच्या हिर्सब्रुनरने काढला, यामाहाने ८२६ हे मॉडेल काढलं. आज दालनात ६/४ म्हणून जे मांडलेलं असतं त्यातल्या बहुतेकांचं नातं या जोडीशी जाऊन भिडतं.

एवढं ऐकल्यावर कोण हात आखडता घेईल? मी तर मनातल्या मनात पेटी कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

मित्र म्हणाला, "थांब. मी अजून ऐकलेलं नाही."

"इथेच तर उभा आहेस."

"इथे मला तुझ्या मागचा वाग्नर ऐकू येतोय. सभागृह बघू."

ओळखपत्र ठेवून घेऊन विक्रेते वाद्य सभागृहात नेऊ देत होते, मात्र दुपारच्या सुट्टीपुरतंच. तीन ट्यूबा नेले: हा ६/४, एक पिस्टनचा सी, ज्यावर ५/४ असं लिहिलं होतं, आणि मीराफोन कंपनीचा १८६, रोटरीचा, चार-चतुर्थांश. हा १८६ म्हणजे पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी आणि व्यावसायिकांनी वाजवलेला ट्यूबा, त्यामुळे प्रदर्शनात त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मी तो निव्वळ मोजपट्टी म्हणून घेतला होता.

मित्र शेवटच्या रांगेत माझ्याकडे पाठ करून बसला. प्रत्येक ट्यूबावर मी तेच वाजवलं: एक लांब स्वर हळूवरून मोठा आणि परत हळू, मग तुटक स्वरांची एक ओळ, मग खर्जातली एक संथ चाल. क्रम दरवेळी बदलला. त्याला फक्त पहिला, दुसरा, तिसरा एवढंच ओरडून सांगत होतो.

त्याचा कागद मी जपून ठेवलाय. ६/४ पुढे त्याने लिहिलं होतं: "भरपूर. पण स्वर कधी सुरू झाला ते कळत नाही." तुटक ओळीपुढे नुसतंच: "चिखल." पिस्टनच्या सीपुढे: "गोल. मधे थोडा दाबल्यासारखा." आणि १८६ पुढे: "हा बोलतो." तेही एकदा नाही. क्रम उलटासुलटा करूनही त्याने त्यालाच पसंती दिली, तो कोणता आहे हे माहीत नसताना. मांडीवर तोच मला सर्वांत किरकोळ वाटला होता.

मग अदलाबदल केली. त्या स्टॉलवरचा एक व्यावसायिक वादक सोबत आला होता, त्याला विनंती केली आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. त्याच्या हाती तोच ६/४ वेगळाच निघाला. प्रत्येक स्वराला सुरुवात होती आणि सभागृह खालून भरत गेल्यासारखं वाटत होतं. म्हणजे दोष ट्यूबाचा नव्हता. त्या रुंद नळीत स्वराचा मधला बिंदू स्वतः धरून ठेवावा लागतो. लहान ट्यूबा वादकाला त्या बिंदूकडे ओढतो, मोठा ट्यूबा त्याला मोकळं सोडतो. रोज चार तास वाजवणाऱ्याला ते स्वातंत्र्य हवं असतं. आठवड्यातून दोन तालमी करणाऱ्याला ते महागात पडतं.

माझं मत त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पक्कं झालं: आमच्यासारखे हौशी लोक ६/४ घेतात ते मांडीत जे जाणवतं त्यासाठी, आणि ते श्रोत्यापर्यंत पोचतच नाही. पन्नास माणसांचा ऑर्केस्ट्रा आणि कधीमधी पाच जणांचं ब्रास क्विंटेट एवढाच ज्याचा संसार, त्याला शंभर जणांच्या ऑर्केस्ट्रासाठी घडवलेलं वाद्य कशाला?

संध्याकाळी श्वासावर एक कार्यशाळा होती. तिथेही जेकब्जच. मोठा ट्यूबा म्हणजे मोठी छाती हवी हा समज बोलणाऱ्यांनी मोडीत काढला. हवा दाबून ढकलायची नसते, वाहू द्यायची असते, आणि मनात आधी चाल गात असली पाहिजे, ही जेकब्जची शिकवण. दोन वाक्यांत सांगून झाली असती. दीड तास चालली.

शनिवार

आज सरावाची एक खोली मिळाली, तीही दार घट्ट लागणारी. इथे ट्यूनर काढला.

आधी एक साधी तपासणी. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर ओढायची, क्षणभर थांबायचं आणि मग व्हॉल्व्ह दाबायचा. 'टप्' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून ठेवतोय. नुसतंच फुस्स झालं तर हवा गळतेय. लखलखत्या मुलाम्याच्या एका ट्यूबाच्या तिसऱ्या व्हॉल्व्हने मला काहीच उत्तर दिलं नाही. तो तसाच परत नेऊन ठेवला.

सुराचं दुखणं ट्यूबाच्या रचनेतच आहे. सी ट्यूबाची मोकळी नळी ४.९ मीटर. पहिला व्हॉल्व्ह सूर दोन अर्धस्वरांनी उतरवतो, त्यासाठी सुमारे ६० सेंटीमीटर नळी जोडतो. तिसरा तीन अर्धस्वरांनी, सुमारे ९२. दोन्ही मिळून झाले १५२. पण पाच अर्धस्वर खरोखर खाली जायला १६३ लागतात, कारण नळी लांबली की पुढचा प्रत्येक अर्धस्वर जास्त लांबी मागतो. ११ सेंटीमीटरची ही तूट कानाला सरळ ऐकू येते: पहिला-तिसरा दाबून काढलेला स्वर जवळजवळ ३० सेंट चढा लागतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग, आणि तीस म्हणजे शेजारच्या ट्रॉम्बोनने भुवया उंचावण्याइतका.

यावरच्या उपायांनी वादकांचे तट पडलेत. चौथा व्हॉल्व्ह त्या पाच अर्धस्वरांपुरती नळी नेमकी देतो. त्याखाली उतरायचं तर पुन्हा तीच तूट, म्हणून सी ट्यूबावर पाचवा व्हॉल्व्ह असतो, पूर्ण स्वरापेक्षा किंचित जास्त उतरणारा. खालचा एफ चौथा आणि पाचवा एकत्र दाबून लागतो. बाकीची डागडुजी डावा हात करतो. वाजवता वाजवता पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वरखाली ओढत राहायचं. ती स्लाइड हाताला सहज पोचते का, लोण्यासारखी सरकते का, हे मला बेलच्या व्यासापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. छापील माहितीपत्रकांत मात्र याबद्दल एक ओळ नसते.

ब्रिटिशांनी दुसरा रस्ता काढला. डेव्हिड ब्लेकली या बूझी कंपनीच्या माणसाने १८७४ मध्ये अशी युक्ती केली की चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हांतून दुसऱ्यांदा फिरून येते आणि वाटेत लहान-लहान जादा नळ्या तूट भरून काढतात. बेसन या वाद्यकंपनीच्या ई फ्लॅट ट्यूबावर ही व्यवस्था असते. मित्राच्या आग्रहाखातर तो घेऊन बसलो आणि अर्धा तास सोडवला नाही. तीन व्हॉल्व्ह उजव्या हाताला वर, चौथा डाव्या हाताला बाजूला, स्लाइड ओढायची कटकट जवळपास नाही, आणि ट्यूनरचा काटा मधेच. अगदी तळाच्या स्वरांत हवा थोडी अडखळते, इतक्या वळणांतून जायचं म्हटल्यावर अडखळणारच. पण क्विंटेटपुरता विचार केला असता तर माझा शोध तिथेच संपला असता. ऑर्केस्ट्रात मला खाली अजून मोकळेपणा हवा होता.

परत सीकडे. शुक्रवारच्या १८६ ची बोटांना सवय होईना. बी फ्लॅट मी पिस्टनवर वाजवत आलोय, रोटरीच्या पट्ट्यांवर बोटं घसरत होती. पिस्टनचा जो दुसरा होता, "मधे थोडा दाबल्यासारखा" असा शेरा मिळालेला, त्याच मॉडेलची आणखी एक प्रत स्टॉलवर होती. दोन्ही खोलीत आणल्या.

एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच फिनिशच्या. मधला ई मोकळ्या नळीवर काढला. हा पाचवा नैसर्गिक स्वर, निसर्गतःच १४ सेंट उतरलेला असतो. पहिल्या प्रतीवर तो इतका खाली होता की दुसरं बोटकाम वापरल्याशिवाय चालणार नाही. दुसऱ्या प्रतीवर ओठांनीच वर नेता आला. मधला दाबलेपणाही तिच्यात नव्हता. ट्यूबाच्या नळ्या हाताने वाकवतात, जोडतात, डाख देतात. तेवढ्यात फरक पडत असावा. मॉडेलचं नाव सांगून ट्यूबा मागवणाऱ्यांचं मला यापुढे नवल वाटेल.

रात्री मैफल होती. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कॉन्चेर्टो, पियानोच्या साथीने. १९५४ मध्ये लंडन सिंफनीच्या फिलिप केटलिनेटने तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा ट्यूबाने एकट्याने पुढे येणं ही नवलाईची गोष्ट होती. इथे वादकाने तो एफ ट्यूबावर वाजवला. मधल्या संथ भागात ट्यूबा गातो, शब्दशः गातो. आणि तो दालनातला सर्वांत लहान ट्यूबा होता. मित्राने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, "कळलं रे."

रविवार

सकाळी ट्यूबा आणि युफोनियमवाल्यांचं सामुदायिक वादन झालं. शेकडो खर्जी वाद्यं एकत्र, सूर जेमतेम, आनंद अपार. मला ते ऐकण्यापेक्षा त्यात बसणं जास्त आवडतं.

दालनात आवराआवर सुरू झाली होती. ६/४ मोकळाच होता, पुन्हा एकदा मांडीवर घेतला. खुर्ची पुन्हा हलली, मी पुन्हा हसलो, आणि ठेवून दिला.

पिस्टनच्या त्या दुसऱ्या प्रतीचा अनुक्रमांक विक्रेत्याकडून लिहून घेतला. तीच प्रत पाठवायची, तिची बहीण नाही, हे दोनदा बजावलं. त्याला असली गिऱ्हाइकं नवी नसावीत, त्याने पेटीला लगेच चिठ्ठी बांधली. अट एवढीच ठेवलीय की आमच्या तालमीच्या खोलीत एक पूर्ण तालीम वाजवून बघायची आणि मगच पक्कं करायचं. त्या दिवशी मित्र शेवटच्या भिंतीशी कागद घेऊन बसणार आहे, म्हणजे दुसऱ्या ट्रॉम्बोनची खुर्ची रिकामी राहणार. कंडक्टरना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. "तूच सांग," असं तो म्हणतोय, "ट्यूबा तुझा आहे."